कचरा कुणाचा? घनकचऱ्याच्या कायद्यांची ओळख करून देताना

उकिरडा हा शब्द आज आपण नाक मुरडून उच्चारतो. शेतकऱ्याच्या घरी त्याची अशी हेटाळणी नव्हती. परसातल्या खड्ड्यात शेण, गोठ्यातली झाडलोट, चुलीतली राख, भाजीची देठे वर्षभर पडत राहत आणि मृगाच्या आधी तो खड्डा उपसून गाड्या भरभरून खत रानात जाई. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपली म्हण आहे. शेतकऱ्याच्या उकिरड्याचे पांग दर उन्हाळ्यात फिटत. ज्याचा उकिरडा त्याचेच खत, त्यामुळे कचरा कुणाचा हा प्रश्न कुणाला पडत नसे.

चित्र पुरे करायचे तर त्याची काळी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याचे खत करायला घर तयार नव्हते ते, म्हणजे मैला आणि मेलेली ढोरे, उचलण्याचे काम गावाने काही जातींच्या माथी मारले आणि त्याच कामावरून त्या माणसांना अस्पृश्य ठरवले. गाव सोडून माणसे शहरात आली तेव्हा उकिरडा मागे राहिला, जात मात्र झाडूच्या दांड्याला चिकटून बरोबर आली. जमिनीला परत देण्याची रीत आपण हरवून बसलो आणि आपली घाण दुसऱ्याच्या माथी मारण्याची रीत तेवढी जपली. कचऱ्याचे कायदे वाचताना या दोन्ही गोष्टी मनाशी धरून ठेवाव्यात, असे मला वाटते. या कायद्यांना जे जमले आणि जे जमले नाही, त्याचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या वार्षिक अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांत रोज सुमारे १ लाख ६० हजार टन घनकचरा तयार होत होता. त्यातल्या निम्म्यावर प्रक्रिया होत होती. साधारण १८ टक्के कचरा भरावभूमीत टाकला जात होता. उरलेल्या जवळजवळ ३२ टक्क्यांचा, म्हणजे रोजच्या सुमारे ५० हजार टनांचा, हिशेबच लागत नव्हता. तो नाल्यात गेला, माळावर पडला की रात्री कुणी पेटवून दिला, याची कागदावर नोंद नाही. एवढा माल रोज बेपत्ता होतो आणि कुणी तक्रार करत नाही, याचे कारण एकच. तो आपला आहे असे कुणी मानत नाही.

म्हणून या पुस्तकाच्या मुळाशी मी एकच प्रश्न ठेवला आहे: कचरा कुणाचा? भारतातले घनकचऱ्याचे आणि पर्यावरणरक्षणाचे कायदे हे या प्रश्नाला देशाने दिलेले उत्तर आहे. ते एका दमात दिलेले नाही. दर वेळी एखादी आपत्ती आली, एखादा नागरिक न्यायालयात गेला आणि उत्तर एक पाऊल पुढे सरकले.

पहिले उत्तर इंग्रजांच्या काळापासूनचे होते. कचरा म्हणजे उपद्रव. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत सार्वजनिक उपद्रवाचा गुन्हा होता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ व्या कलमाखाली दंडाधिकाऱ्याला असा उपद्रव हटवण्याचा आदेश देता येत असे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो अधिकार १५२ व्या कलमात आला आहे. या जुन्या, साध्या कलमाने एकदा मोठे काम केले. मध्य प्रदेशातल्या रतलाम शहरातल्या एका वॉर्डात गटारे नव्हती, मैला उघड्यावर वाहत होता, मद्यार्काच्या कारखान्याचे सांडपाणी रस्त्यावर येत होते. रहिवाशांनी १३३ व्या कलमाचा आधार घेतला. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८० साली न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. तिजोरी रिकामी आहे ही सबब सांगून नगरपालिकेला आपले मूलभूत कर्तव्य टाळता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. नागरी हक्कांच्या इतिहासात या निकालाला फार मोठे स्थान आहे. आजही एखादी नगरपरिषद निधीचे कारण पुढे करते तेव्हा रतलामच्या त्या वॉर्डातली माणसे आपल्या बाजूने उभी असतात.

उपद्रवाच्या कायद्याला मर्यादा होती. घाण डोळ्यांसमोर आली, नाकाला झोंबली, की मग तो जागा होई. शहराबाहेरच्या खाणीत वर्षानुवर्षे साचणाऱ्या ढिगाकडे पाहायला त्याला डोळे नव्हते. ती दृष्टी पर्यावरणाच्या कायद्याने दिली.

१९७२ साली स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद भरली. यजमान स्वीडनच्या पंतप्रधानांखेरीज त्या परिषदेला गेलेल्या सरकारप्रमुख एकट्या इंदिरा गांधी होत्या. त्यानंतर १९७४ साली जलप्रदूषणाचा आणि १९८१ साली वायुप्रदूषणाचा कायदा झाला. मधल्या काळात, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने दोन महत्त्वाची कलमे आली. ४८-क कलमाने पर्यावरणाचे रक्षण व सुधारणा हे राज्याचे धोरण ठरवले आणि ५१-क (छ) कलमाने नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. ती घटनादुरुस्ती आणीबाणीतली आणि तिच्यातल्या अनेक गोष्टी पुढे रद्द कराव्या लागल्या. ही दोन कलमे टिकली, कारण त्यांच्याबद्दल कुणाचेच दुमत नव्हते. १९९१ साली सुभाष कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा मिळणे हा २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. एका बाजूला कर्तव्य, दुसऱ्या बाजूला हक्क. पुढचे सगळे नियम या दोन खांबांवर उभे आहेत.

या निकालाच्या आधीच भोपाळ झाले होते. १९८४ च्या डिसेंबरमधल्या त्या रात्री विषारी वायूने हजारो माणसे मेली आणि देशाकडे अशा संकटाला आवरू शकेल असा सर्वंकष कायदाच नाही, हे उघडे पडले. १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम त्यातून जन्मला. घनकचऱ्याच्या दृष्टीने हा मायकायदा. त्यात कचऱ्याबद्दल स्वतंत्र प्रकरण नाही. पर्यावरणाच्या रक्षणासाठी लागतील ते उपाय योजण्याचा, नियम करण्याचा आणि पाचव्या कलमाखाली एखादा उद्योग बंद करण्यापर्यंतचे निर्देश देण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला. पुढची प्रत्येक नियमावली याच अधिकारातून निघाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण सभा-संमेलनांत आणि वर्तमानपत्रांतही तिचा घोळ होतो. घनकचऱ्यावर संसदेने केलेला स्वतंत्र कायदा भारतात नाही. आहेत ते १९८६ च्या अधिनियमाखालचे नियम. म्हणजे पायऱ्या अशा: सर्वांत वर राज्यघटना, तिच्याखाली अधिनियम, अधिनियमाखाली केंद्राचे नियम, त्या नियमांप्रमाणे राज्याचे धोरण आणि सगळ्यांत खाली आपल्या महापालिकेचे किंवा नगरपरिषदेचे उपविधी. राज्याचे आपले कायदेही असतात. महाराष्ट्रात १९४९ चा महानगरपालिका अधिनियम आणि १९६५ चा नगरपरिषदांचा अधिनियम आहे, अविघटनशील कचऱ्याबद्दलचा २००६ चा कायदा आहे. गोव्याने असा कायदा त्याच्याही आधी, १९९६ साली केला. शिवाय १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापन हा विषय नावानिशी नागरी संस्थांकडे सोपवला आहे. नागरिकाचा प्रत्यक्ष संबंध येतो तो सगळ्यांत खालच्या पायरीशी, उपविधींशी. दंड किती, वापरशुल्क किती, गाडी किती वाजता येणार, हे तिथे ठरते. आणि नेमकी हीच पायरी पुष्कळ गावांत अंधारात असते. म्हणूनच या पुस्तकात वरून खाली येताना प्रत्येक पायरीला वेगळे प्रकरण दिले आहे.

दुसरे उत्तर, म्हणजे कचरा नगरपालिकेचा, हे कायद्याच्या भाषेत यायला आणखी एक संकट यावे लागले. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये सुरतेत प्लेग पसरला. पुरानंतर शहरात कुजलेला कचरा आणि मेलेली जनावरे पडून होती. लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाली. खानदेशातून पोटासाठी सुरतेला गेलेल्या कुटुंबांच्या घरी ती आठवण अजून निघते. पुढे एस. आर. राव आयुक्त झाले आणि त्याच शहराने काही वर्षांत स्वच्छतेसाठी नाव मिळवले. माणसे तीच, पगार तेच. रोज सकाळी अधिकारी रस्त्यावर उतरू लागले, एवढ्याने फरक पडला. नियम आणि अंमल यांतले अंतर काय असते, हे सुरतेइतके स्वच्छ कुठल्याच शहराने दाखवले नाही.

बंगळूरच्या अभियंता अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. शहरे आपला कचरा उघड्यावर, खेड्यांच्या वेशीवर, तळ्यांच्या काठी टाकतात, याला कुणी आळा घालणार आहे की नाही, असा तिचा रोख होता. न्यायालयाने असीम बर्मन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिच्या अहवालावरून मसुदा झाला आणि २५ सप्टेंबर २००० रोजी नागरी घनकचऱ्याचे पहिले राष्ट्रीय नियम निघाले. त्यांत तारखा होत्या. जुन्या कचरा डेपोंची सुधारणा ३१ डिसेंबर २००१ पर्यंत, पुढच्या भरावभूमींच्या जागांची निवड ३१ डिसेंबर २००२ पर्यंत आणि प्रक्रिया प्रकल्पांची उभारणी ३१ डिसेंबर २००३ पर्यंत. या तारखा आल्या आणि गेल्या. बहुतेक शहरांत डेपोचा डोंगर तेवढा उंच होत गेला.

असे का झाले, हे समजून घ्यायचे तर डेपोच्या शेजारच्या गावात जावे लागते. पुण्याचा कचरा १९८१ पासून उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत पडू लागला. विहिरींचे पाणी नासले, पिण्यासाठी टँकर आले, ज्या मातीत उत्तम पिके यायची तिथे माशा आणि दुर्गंधी आली. गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा शहरात रस्तोरस्ती ढीग साचले आणि पुणेकरांना चार दिवस त्रास झाला. गावाने तो त्रास कित्येक वर्षे सोसला होता. मुंबईच्या देवनारला १९२७ पासून कचरा टाकला जातो. २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. या आगी आपोआप लागतात तेव्हा त्यामागे साधे रसायन असते. ओला कचरा हवेशिवाय दडपून कुजला की त्यातून मिथेन निघतो आणि पेट घ्यायला त्याला फार वेळ लागत नाही. त्याच ढिगातून पाझरणारे काळे पाणी जमिनीत मुरते आणि विहिरीत उतरते. हवा आणि पाणी दोन्ही नासण्याचे मूळ एकच: ओला कचरा सुक्यात मिसळला गेला. वेगळा ठेवला असता तर ओल्याचे खत झाले असते आणि सुका भंगारात विकला गेला असता. घनकचऱ्याचे सारे शास्त्र या दोन वाक्यांत सांगता येते. २००० च्या नियमांत वर्गीकरणाचा उल्लेख होता, पण त्याची सक्ती घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचली नव्हती. कचरा नगरपालिकेचा, असे एकदा ठरल्यावर घरातल्या माणसाने हात झटकले.

तिसरे उत्तर, म्हणजे कचरा करणाऱ्याचा, हे २०१६ साली आले. त्या वर्षी १८ मार्च ते ८ एप्रिल या तीन आठवड्यांत केंद्राने सहा नियमावल्या काढल्या: प्लास्टिक, ई-कचरा, जैववैद्यकीय कचरा, बांधकामाचा राडारोडा, घातक कचरा आणि शेवटी घनकचरा. घनकचऱ्याच्या नियमांनी पहिल्यांदा कर्तव्यांची यादी नागरिकापासून सुरू केली. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करूनच द्यायचा. उघड्यावर टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचा नाही. उपविधीत ठरेल ते वापरशुल्क द्यायचे. परवाना नसलेल्या जागी १०० हून अधिक माणसांचा समारंभ करायचा असेल, तर किमान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचे. रोज सरासरी १०० किलोंहून जास्त कचरा करणारी हॉटेले, संस्था, कार्यालये यांना मोठे कचरानिर्माते म्हटले. ५,००० चौरस मीटरांहून मोठ्या आवारांतल्या वसाहतींना ओला कचरा होईल तितका आवारातच जिरवायला सांगितले. सॅनिटरी पॅड आणि डायपर बनवणाऱ्यांनी ते गुंडाळून टाकण्यासाठी पिशवी द्यावी, असे म्हटले. पुन्हा वापरता येत नाही, कुजत नाही, जळत नाही, असा निष्क्रिय कचराच भरावभूमीत जावा आणि ती भरावभूमी नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून आणि वस्तीपासून २०० मीटर दूर असावी, असे ठरले.

उत्पादकालाही या नियमांनी ओढून आणले. वेष्टन बनवणाऱ्याने त्या वेष्टनाचे पुढे काय होते याची जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व प्लास्टिकच्या आणि ई-कचऱ्याच्या नियमांत २०११ पासून होते. २०१६ ने आणि प्लास्टिकसाठी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते पक्के केले. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या बेकायदा ठरल्या. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या वेल्लोर खटल्यात देशाच्या कायद्याचा भाग मानले होते. वेष्टनाच्या कारखान्यापर्यंत पोचायला त्याला इतकी वर्षे लागली.

२०१६ च्या नियमांतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. कचरावेचक या शब्दाची व्याख्या तिथे झाली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे कर्तव्य राज्यांवर आणि स्थानिक संस्थांवर आले. या एका तरतुदीमागे महाराष्ट्राचा इतिहास आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बाबा आढाव यांच्यासारख्या, आयुष्यभर हमालांच्या आणि असंघटितांच्या बाजूने लढलेल्या माणसाचा तिला आधार होता. कचऱ्यात हात घालून पोट भरणाऱ्या बायांनी एकत्र येऊन आम्ही भीक मागत नाही, चोरी करत नाही, शहराचे काम करतो, असे सांगितले. त्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून तिने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आमचा हात त्यावर पडणार नाही, ही त्यांची मागणी ज्या घरांनी मानली, त्या घरांनी कायद्याचा हेतूच पाळला. या बायांतल्या बहुसंख्य दलित समाजातल्या. जात झाडूला चिकटून आली, असे वर म्हटले. ती सोडवायची तर त्या कामाला मोबदला, हातमोजे, ओळखपत्र आणि आदर द्यावा लागतो. गाडगेबाबा गावात शिरताच हातात खराटा घेत, तेव्हा गावाची घाण काढणारा हात पूजनीय आहे, हे ते कीर्तनाआधीच सांगून टाकत. कायद्याला ते कळायला २०१६ साल उजाडले.

२०१६ च्या नियमांआधी आणि नंतरही अंमल न्यायालयांच्या दट्ट्यानेच होत राहिला. कचऱ्याची सोय होत नाही तोवर नवी बांधकामे नकोत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईसाठी दिला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अटींसह शिथिल केला. अल्मित्रा पटेल यांची याचिका तोवर २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेली होती. त्याने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंड ठरवला. याच न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे, ही गोष्ट डेपोशेजारी राहणाऱ्या प्रत्येक गावकऱ्याला ठाऊक असायला हवी. आता २०२६ चे घनकचरा नियम आले आहेत. १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख आणि त्यांनी वर्गीकरण चार भागांत नेले आहे: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीने हाताळायचा. पुण्यातल्या बायांचा लाल ठिपका अशा रीतीने राष्ट्रीय नियमांत स्वतंत्र रकाना होऊन आला, असे म्हणायला मला आनंद वाटतो.

तरी हा कायदा कुठे अडतो, तेही सांगणे माझे कर्तव्य आहे. पहिली अडचण खेड्यांची. २०१६ च्या नियमांचा मुख्य रोख शहरांवर आणि जनगणना-शहरांवर होता. दरम्यान खेड्यातल्या दुकानातही सगळा माल प्लास्टिकच्या पुडीत आला आणि ग्रामपंचायतीकडे ना गाडी, ना जागा, ना माणूस. गावाच्या ओढ्याकाठी आता शेणाऐवजी पुड्या दिसतात. दुसरी अडचण ठेक्याची. अनेक शहरांत ठेकेदाराला वाहिलेल्या टनांवर पैसे मिळतात. जितका कचरा जास्त आणि ओला, तितके बिल मोठे. अशा ठेक्यात कचरा कमी करण्यात कुणाचे हित? नियम वर्गीकरण मागतात आणि करार वजन मागतो. मग गाडीत दोन कप्पे असूनही डेपोवर दोन्ही एकत्र रिकामे होतात. हे एकदा पाहिलेल्या गृहिणीला पुन्हा दोन बादल्या ठेवायला सांगणे अवघड असते आणि तिला दोष देता येत नाही. तिसरी अडचण शिक्षेची. १९८६ च्या अधिनियमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून १० हजार ते १५ लाख रुपयांची शास्ती ठेवली. पूर्वीची कैद क्वचितच कुणाला झाली, हे खरे. तरीही मोठ्या प्रदूषकाला १५ लाख म्हणजे धंद्याचा एक खर्च वाटू शकतो. शास्ती वेळेवर आणि नक्की झाली तरच हा बदल पथ्यावर पडेल.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ले नगरपरिषदेने कचऱ्याचे बारकाईने वर्गीकरण करून आपला डेपो असा पालटला की लोक तो पाहायला जाऊ लागले. गोव्यात साळगावचा प्रकल्प २०१६ पासून चालतो आहे. त्याच गोव्यात मडगावच्या सोनसड्याच्या ढिगाने लोकांना किती छळले, हेही आपण पाहिले. एकाच राज्यात, एकाच नियमाखाली, दोन उत्तरे. फरक कायद्यात नव्हता. तो कायदा हातात धरणाऱ्या माणसांत होता.

हे पुस्तक अशा माणसांसाठी आहे. वकिलांकडे मूळ ग्रंथ आहेत. मी डोळ्यांसमोर ठेवला आहे तो सोसायटीचा चिटणीस, पहिल्यांदा निवडून आलेली नगरसेविका, ग्रामसेवक, आरोग्य निरीक्षक, मुकादम, शाळेतला पर्यावरणाचा शिक्षक आणि डेपोच्या वाऱ्याकडे राहणारा शेतकरी. प्रत्येक प्रकरणात आधी तरतूद, मग तिचा साध्या मराठीत अर्थ आणि शेवटी ती पाळली जात नसेल तर कुणाकडे दाद मागायची, अशी मांडणी केली आहे. सरकारी मराठीतले जड शब्द जिथे लोकांच्या तोंडी नाहीत, तिथे मी लोकांचे शब्द घेतले आहेत. कायदा आपल्या भाषेत उतरला नाही तर तो फक्त अधिकाऱ्याचा राहतो.

आता मूळ प्रश्नाकडे. कचरा कुणाचा? कायद्याचे आजचे उत्तर असे आहे की तो करणाऱ्याचा आहे, वेष्टन विकणाऱ्याचा आहे, उचलणाऱ्या संस्थेचा आहे, आणि जो तो हाताळतो त्या कष्टकऱ्याला व्यवस्थेत सामावून घ्यायचे आहे. जबाबदारीच्या या वाटणीत पहिला वाटा घराचा. तो उचलल्याशिवाय इतरांना जाब विचारण्याचे बळ आपल्याला येणार नाही.

म्हणून वाचकांना माझी विनंती अगदी छोटी आहे. आजपासून घरात कचरा वेगळा ठेवा आणि तो उचलणाऱ्या माणसाचे नाव विचारून घ्या. मग आपल्या नगरपालिकेत जा आणि दोन कागद मागा: घनकचऱ्याचे उपविधी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावा लागणारा वार्षिक अहवाल. कुणी टाळाटाळ केली तर २००५ चा माहिती अधिकार कायदा तुमच्या हातात आहे. किती टन गोळा झाला, कितीवर प्रक्रिया झाली आणि उरलेला कुठे गेला, हे तिन्ही आकडे त्या अहवालात असले पाहिजेत. त्यांची बेरीज जुळते का, ते स्वतः करून पाहा. जुळली नाही, तर जितका फरक येईल तितका कचरा कुणाच्या तरी विहिरीशेजारी पडलेला आहे. तो आपला आहे.